सांधे

आमचा धंदा उघड्या पायाचा.
अंगठा, कान, पट्टा, वेणी, खाली तळाचे थर,
आणि गिऱ्हाइकाला शेवटी सांगायचं ते एकच:
पावसात घालू नका, पापड होईल.
चाळीस वर्षं पाण्याशी माझा एवढाच करार,
ते आलं की आपण नाही.

श्रावण सरता सरता कारगिलहून खोकं आलं.
आत बुटांचा एक जोड, हातमोज्यांचा एक,
डिझेलचा वास, आणि वहीच्या पानावर:
काका, पाणी आत येतंय.
दिवाळीच्या आत परत पाठवा.

रोहिदास माझ्या धाकट्या भावाचा.
पोरानं कधी आरीला हात लावला नाही.
कागलच्या उसाच्या रानात जेसीबी शिकला,
आता घाटातला बर्फ ढकलतो.
त्याची आई सगळ्यांना सांगते,
कामात काय फरक नाही, तिकडची माती पांढरी, एवढंच.

बूट खाली-वर करून बघितला.
कारखान्याचा माल. टाके मशीनचे,
एकाही टाक्यात कुणाचा राग नाही, घाई नाही.
चामडं जाड. पण घोट्यापाशी, जिथं माणूस वाकतो,
तिथं बारीक भेगा, उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या.

पाणी कुठून येतं हे मला महापुरानं शिकवलं.
नाल्याकडच्या गोदामात आम्ही दारापुढं
वाळूची पोती रचत बसलो,
आणि ते मागून, फरशीच्या सांध्यातून,
मांजरासारखं आलं.
तिसऱ्या दिवशी नऊशे जोड तरंगत होते,
डावा एकीकडं, उजवा भलतीकडंच.
तेव्हापासून दारावर माझा विश्वास नाही.
मी सांधे बघतो.

मेण दाजीपूरकडच्या मधवाल्याचं, एक वाटी.
करंजेल दीड वाटी. चिमूटभर राळ.
शालननं जुनं पातेलं दिलं,
"ह्यात परत आमटी हुणार न्हाई" असं बजावून.
खाली पाण्याचं भांडं, वर हे. थेट आच नको.
बूट पत्र्यावरच्या उन्हात कोमट करून घेतला
आणि फडकं बाजूला ठेवून बोटांनीच चोळला.
शिवणीला दात घासायचा जुना ब्रश.
जिभेच्या दोन्ही कडा. टाचेची पट्टी.
एकदा, वाळवून पुन्हा, वाळवून पुन्हा.
बुटाचा रंग गडद झाला,
कोकम सरबतात पडल्यासारखा.

रात्री आत कालचा पेपर कोंबला
आणि जोड घमेल्यातल्या पाण्यात उभा केला.
आयुष्यात पहिल्यांदा
आपल्या हातानं चामडं पाण्यात घातलं. झोप आली नाही.
सकाळी उजवा कोरडा.
डाव्यात उसाच्या दराची बातमी
टाचेकडून निम्मी विरघळलेली.
मशीनचा एक टाका सुटला होता,
केसाएवढा.
तो मी हातानं घातला, दुहेरी दोऱ्याचा, मेण ओढून.
सगळ्या बुटात तेवढा एक टाका आमच्या घरातला.

हातमोज्यांना जास्त मेण चालत नाही,
बोटं लाकडाची होतात.
म्हणून मोजा आपल्याच हातात चढवायचा,
मूठ मिटायची, उघडायची, आणि घडीघडीत चोळायचं.
रोहिदासचा हात माझ्यापेक्षा मोठा निघाला.
हे कधी झालं?
करंगळीच्या टोकाला माझं बोट पोचेना.

ऑक्टोबरचं ऊन, वर पत्रा, आणि मी दुकानात
बर्फाचे हातमोजे घालून बसलेला.
रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.
अर्ध्या तासानं मोजा काढला
तर आतलं अस्तर चिंब.
बाहेरून एक थेंब नाही,
सगळं माझंच पाणी.
ह्याला मेण नाही. मी हसलो, काय करणार.

मग दोन्ही मोजे दोरीवर टांगले, चिमटे लावून,
शालनच्या दोन पोलक्यांच्या मधोमध.
मुजावरांची धाकटी शाळेतून आली,
टाच उंच करून तिनं त्यातला एक हात हातात घेतला,
नीट हलवला,
आणि विचारलं, हे पाहुणे कधी आले?
म्हटलं, आले नाहीत गं.
निघालेत.